भिंतीपलीकडच्या कोंबड्या

औषधाची पुडी मी त्यांच्या हातात दिली. प्रयागमावशींनी ती उघडली, वास घेतला, चिमूटभर पावडर दाराकडच्या उजेडात धरून पाहिली आणि पुडीची पुन्हा घडी करून माझ्याच टेबलावर ठेवली.

"आदी तुमी घ्या," त्या म्हणाल्या.

"मावशी, हे कोंबड्यांचं औषध आहे. माणसानं घ्यायचं नसतं."

"मानसाला चालत न्हाई ते कोंबडीला कसं चालंल? कोंबडी केवढी, मानूस केवढा."

पेडगावच्या पुढं, परभणी तालुक्यातल्याच एका गावात जनावरांच्या दवाखान्यात माझी नवी नेमणूक झाली होती. म्हशी, बैल, शेळ्या यांची रीघ असायची. कोंबडी घेऊन कुणी येत नसे. कोंबडी आजारी पडली की लोक तिला कापत किंवा उकिरड्यावर टाकत. काखेत पदराखाली कोंबडी घेऊन चालत आलेली ही पहिलीच बाई. उंच, काटक, कपाळावर गोंदण, साठीच्या पुढची. कोंबडी तांबडी होती. तिचा एक डोळा मिटला होता, कोपऱ्यात साबणाच्या फेसासारखे बुडबुडे जमले होते आणि थोड्या थोड्या वेळानं ती मान झटकून शिंकत होती. छातीला कान लावला की आत घरघर ऐकू येई.

मी सगळं नीट समजावून सांगितलं. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यात कापूस भिजवून डोळा पुसायचा, मग हे मलम लावायचं, ही पावडर पिण्याच्या पाण्यात घालायची, दुसरं पाणी ठेवायचं नाही. शेवटी म्हणाले, "आणि औषध चालू आहे तोवर, आणि मी सांगेन तोपर्यंत, अंडी खायची नाहीत, विकायचीही नाहीत."

इथवर मान हलवणाऱ्या मावशी थांबल्या. माझ्या तोंडाकडं न बघता त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं.

"मंग ती अंडी कोन नेनार? तू?"

'तुमी'वरून त्या 'तू'वर आल्या, त्या तिथंच. पुढं मी त्या गावात होते तोवर मग 'तू'च राहिले.

त्या पावडरीचं त्यांनी काय केलं, ते मला पुढच्या आठवड्यात त्यांच्याच तोंडून कळलं. त्यांच्या कळपात एक मोठा तुरेवाला कोंबडा होता. त्याचं नाव जावई. "खातोय, वरडतोय, आन् लेकीला टोचतोय," म्हणून जावई. पहिल्या दिवशी औषधाचं पाणी त्यांनी फक्त जावयाला पाजलं, त्याला डालग्याखाली झाकलं आणि दिवसभर त्याच्यासमोर बसून राहिल्या. तो मेला नाही. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना दिलं.

"आणि मेला असता तर?" मी विचारलं.

"तर जावई गेला असता. लेकी तर ऱ्हायल्या असत्या."

कोंबड्यांना त्या नावं देत ती अशीच, घरातल्या-गावातल्या ज्या माणसावर लक्ष ठेवायला हवं असं वाटे त्याच्यावरून. एकीचं नाव नणंद, एकीचं सरपंचीण, एकीचं मास्तरीण. दवाखान्यात आणलेली तांबडी ही नणंद. गावातल्या खऱ्या सरपंचीणबाईंना हे माहीत होतं, आणि त्या कोंबडीची तब्येत त्या अधूनमधून हसत विचारायच्या.

मावशींचा नवरा मेंढरं राखायचा. तो गेला, मेंढरं दिराकडं गेली, मुलगा पुण्याला कंपनीत लागला. घरात त्या आणि कोंबड्या. मेंढरं राखणाऱ्याच्या घरात आयुष्य गेलेल्या माणसाला लांडगा दिसत नाही म्हणजे लांडगा नाही, असं कधी वाटत नाही. मावशींचंही तसंच असावं. भाऊबीजेला भावानं दिलेलं लुगडं त्या उलगडून घड्यांची जागा बघत, वापरलेलं धुऊन दिलं नाही ना म्हणून. बसमध्ये कंडक्टरनं तिकीट दिलं की शेजारच्या पोराकडून ते वाचून घेत, मग त्या पोरानं खरं वाचलं की नाही म्हणून दुसऱ्याकडून वाचून घेत. मुलाचा फोन आला की आधी विचारत, "कोन बोलायलंय?" तो म्हणे, "आई, मी." त्यावर त्या म्हणत, "मी तर समदेच असत्यात."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "भरवसा ठेवायला माझी ना न्हाई. पन आदी बघू तर द्या." हे त्या रागानं म्हणत नसत. बाजारात वांगी उलटीपालटी करून बघणारं माणूस जसं बोलतं, तसं म्हणत.

आणि एक गोष्ट मला त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हाच दिसली. त्यांनी चहा केला, दोन कपांत ओतला, आणि माझ्या कपातला घोटभर आपल्या बशीत घेऊन माझ्यासमोर प्यायल्या. मग कप माझ्याकडं सरकवला. म्हणाल्या, "तुला बी वाटू नये." दुसऱ्यालाही आपल्यावर संशय घ्यायचा हक्क आहे, हे त्यांनी मनोमन मान्य केलेलं होतं.

त्यांच्या घराला लागून रबियाबीचं घर. मध्ये छातीएवढी मातीची भिंत. रबियाबी मावशींपेक्षा थोडी लहान, गोलमटोल, बोलकी. तिचा नवरा पाथरीच्या रोडवर जीप चालवायचा आणि दिवस दिवस बाहेर असायचा. तिच्याही कोंबड्या होत्या. दोघींचं नातं असं की दिवसातून दहा वेळा भिंतीवरून बोलणं व्हायचं आणि त्यातलं निम्मं भांडण असायचं.

"क्या बोलू म्याडम," रबियाबी मला एकदा म्हणाली, "आक्का दिलानं वाईट न्हाई. पन तव्यावर भाकर टाकली तरी भिंतीवरून इचारती, रबिया, आज भाकर कामून करपायलीय?"

त्या हिवाळ्यात मावशींचा सगळा संशय या भिंतीपलीकडं होता. औषधानं नणंदेचा डोळा उघडला, शिंका कमी झाल्या, आणि थोड्या दिवसांत पुन्हा तेच. आता सरपंचीण आणि मास्तरीणही डोळे मिटून कोपऱ्यात बसू लागल्या. मावशी दवाखान्यात आल्या त्या कारण सोबत घेऊनच.

"रबियाची चूल. पऱ्हाट्या जाळती ओल्या. धूर समदा माझ्याकडं. मुद्दाम चुलीचं तोंड इकडं केलंय तिनं. मला तर वाटतंय मिरच्या बी टाकती."

"मग तिच्या स्वतःच्या डोळ्यांना त्रास नाही का होणार?"

"तिचं डोळं लय टनक हायत. तिला काय होत न्हाई."

मी सकाळी लवकर त्यांच्या घरी गेले. चुलीचा धूर होता, पण तो कुठल्या घरी नसतो? मी म्हणाले, "मावशी, मला खुराडं आतून बघायचंय."

हे त्यांना आवडलं नाही. खुराडं त्या कुणालाच आतून दाखवत नसत. त्याला घराच्या दारापेक्षा मोठं कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या कमरेला. किती कोंबड्या आहेत, किती खुडूक बसल्यात, हे कुणाला कळू नये, असं त्यांचं म्हणणं. मी निघायला लागले तेव्हा कुठं त्यांनी कुलूप काढलं.

दार उघडलं आणि मी मागं सरले. डोळ्यांत कुणी चुना घातल्यासारखं झालं, घसा धरला. आत पूर्ण अंधार होता. रबियाबीच्या बाजूच्या सगळ्या फटी पोत्यांनी बुजवलेल्या, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर शेणाचं लिंपण. वरची कौलंही खालून कागदानं झाकलेली. जमिनीवर विष्ठेचा ओला थर, त्यातून निघणारी ती झोंबरी वाफ बाहेर जायला जागाच नाही. रात्रभर कोंबड्या त्यात कोंडलेल्या.

मी दारातून बाजूला झाले. म्हटलं, "मावशी, तुम्ही जरा आत डोकं घाला. थोडा वेळ तसंच राहा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग खाली बसून डोकं आत घातलं. खोकत बाहेर आल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी. पदरानं डोळे पुसत त्या खुराड्याकडं बघत राहिल्या. मी त्यांना सांगितलं की सुरुवात सर्दीनं झाली असेल, पण कोंबड्या बऱ्या होत नाहीत त्या या कोंडलेल्या हवेमुळं. औषध दिवसा बरं करतं, खुराडं रात्री आजारी पाडतं.

"म्हंजी म्याच केलं?" त्या हळू म्हणाल्या.

भिंतीपलीकडं रबियाबी भांडी घासत होती, तो आवाज येत होता. मावशींनी एकदा तिकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"हे तुला रबियानं शिकवलं का?"

मला त्या वेळी राग आला. पण पुढच्या खेपेला गेले तर खुराड्याची पोती निघालेली, वरच्या अंगाला जाळीची लांबट खिडकी, खाली कोरडी माती, त्यावर राख आणि भुसा. चोराची भीती मात्र गेली नव्हती. जाळीसमोर त्यांनी आपली बाज आणून टाकली होती. कोंबड्यांचे डोळे पुन्हा गोल आणि स्वच्छ झाले. रबियाबीला त्या याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त धुराची तक्रार बंद झाली.

मानमोडीची लस टोचायला गेले तेव्हाचीही आठवण आहे. या रोगाला औषध नाही, लसच घ्यावी लागते, आणि ती थंड ठेवावी लागते, हे मी आवारात जमलेल्या बायकांना सांगत होते. मावशी पुढं आल्या आणि विचारल्याशिवाय बर्फाच्या डब्यात हात घातला. हात बराच वेळ आत ठेवून त्यांनी खात्री करून घेतली. मग बायकांकडं वळून म्हणाल्या, "गार हाय. टोचून घ्या." त्या दिवशी कुणीच मागं राहिलं नाही. प्रयागबाईंनी तपासलंय म्हटल्यावर उरलं काय, असं रबियाबीच सगळ्यांना सांगत होती.

त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, रबियाबीनं पाथरीच्या बाजारातून दोन तलंगा, अंड्यावर यायला आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणल्या. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या, देखण्या. तिनं त्या भिंतीवर धरून मावशींना दाखवल्या. मावशींनी त्यांच्या पिसांचं कौतुक केलं नाही.

"हिच्या नाकावर माशी बसायलीय," त्या म्हणाल्या. "दुसरीचं गाल बघ. आठ-पंधरा दिवस येगळ्या ठेव. तुझ्यात सोडू नको."

"आक्का, तुमाला तर माझ्या सावलीचा बी शक येतोय," रबियाबी हसत म्हणाली आणि तलंगा अंगणात सोडल्या.

आठवडा गेला नसेल, तिच्या कोंबड्यांची तोंडं सुजली. डोळ्यांखाली फुगवटा, नाकातून घाण वासाचा चिकट स्राव, डोळे चिकटून बंद. श्वास तोंड उघडून. रबियाबीनं मला बोलावलं तोवर काही मेल्या होत्या. लक्षणं कोंबड्यांच्या संसर्गी सर्दीची दिसत होती, पण एकदम इतक्या कोंबड्या श्वासानं मरतात तेव्हा फक्त डोळ्यांनी बघून निश्चित बोलता येत नाही. मी नमुने घेतले आणि तपासणीला पाठवले. निकाल येईपर्यंत कोंबड्या, अंडी काही बाहेर न्यायचं नाही, मेलेल्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायच्या, असं गावाला सांगितलं.

तेवढ्यानं गाव बिथरलं. कुणाच्या तरी मोबाइलवर कुठल्या तरी लांबच्या गावातला बर्ड फ्लूचा व्हिडिओ आला, पांढरे कपडे घातलेली माणसं पोत्यांत कोंबड्या भरतायत असा. संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांच्या मोबाइलवर. रबियाबीकडून अंडी नेणाऱ्या बायका तिला बघून रस्ता बदलू लागल्या. नळावर तिची घागर कुणीतरी बाजूला सारली. तिच्या नवऱ्याच्या जीपमध्ये गावचं कुणी बसेना. आधी लोक म्हणत होते, रोग तिच्या घरातून आला. मग म्हणू लागले, तिनं आणला. मग एक जण म्हणाला, "आनला का आनवला?" आणि ऐकणारे गप्प बसले. ती गप्प बसण्याची पद्धत मला बोलण्यापेक्षा वाईट वाटली.

दोन-तीन दिवसांनी बालाजीच्या किराणा दुकानासमोर सकाळी माणसं जमली. मलाही बोलावलं होतं. बालाजी गावात वजनदार माणूस, बोलण्यात पुढं. त्याचं म्हणणं असं की निकालाची वाट कशाला बघायची, रबियाबीच्या सगळ्या कोंबड्या आजच पुरून टाकायच्या आणि त्या घरानं पुन्हा कोंबडी पाळायची नाही असं गावानं ठरवायचं. मी सांगत होते की नमुने गेलेत, निकाल येऊ द्या, रोग कोणता ते कळू द्या. माझ्या बोलण्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. रबियाबी दुकानापासून लांब, लिंबाखाली उभी होती. तोंडावर पदर.

"प्रयागबाईला बोलवा," बालाजी म्हणाला. "त्यांचं घर शेजारीच हाय. त्या तर पयल्यापासून म्हनायल्यात तिच्यात काईतरी हाय म्हनून."

मला वाटलं, आता संपलं. या बाईनं वर्षानुवर्षं भिंतीवरून जे जे म्हटलं होतं त्यातलं निम्मं जरी आज चारचौघांत म्हटलं, तरी पुरे होतं.

मावशी आल्या. चपला बाजूला काढून दुकानाच्या पायरीवर बसल्या. बालाजीनं मोठ्या आदरानं विचारलं, "मावशी, तुमीच सांगा. तुमाला तिच्यावर संशय हाय का न्हाई?"

"हाय की," मावशी म्हणाल्या.

लिंबाखाली रबियाबी हलली नाही.

"रबियानं बाजारातून कोंबड्या आनल्या, त्या आजारी होत्या. म्या तिला सांगितलं येगळ्या ठेव. तिनं ऐकलं न्हाई. ते तिचं चुकलंच." मावशी बालाजीकडं वळल्या. "आन् तुझी पांढरी कोंबडी कुठं गेली रे बालाजी?"

"कोनती पांढरी?"

"दसऱ्याला तुझ्या उकिरड्यावर पडली होती ती. तोंड असं सुजलेलं, डोळं चिकटलेलं. तुझ्या घरच्यांनी तशीच उघड्यावर टाकली. कुत्र्यानं वडत नेली हनुमानाच्या देवळापतूर. रबियाच्या कोंबड्या तर दिवाळीनंतर आल्यात."

कुणीतरी हसलं. बालाजी म्हणाला, "एका कोंबडीचं काय घेऊन बसलाव?"

"एकीचं न्हाई. गोविंदाच्या घरी दोन मेल्या, त्यांनी कापून खाल्ल्या. सरपंचाच्या वाड्यात कोंबडा घोरायला लागलाय महिन्यापासून." मावशींनी एकेकाचं घर सांगितलं. आवाज चढवला नाही. कुणाच्या अंगणात काय मेलं, कुणी कुठं टाकलं, कुणाची कोंबडी कुणाच्या अंगणात पाणी प्यायली. सगळ्यांवरच त्यांचा सारखा संशय, त्यामुळं सगळ्यांचंच त्यांना माहीत. मी गावात फिरत होते, पण यातलं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

"आन् ही डॉक्टरीन," त्या माझ्याकडं वळल्या. "हिनं नमुनं पाठवलं म्हनती. मी हिच्या बी मागं गेले. बर्फात घालून दवाखान्याच्या जीपमदी ठेवताना बघितलं तवा घरी आले."

मग त्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकून सावकाश उभ्या राहिल्या.

"संशय घ्यायचा तर डोळं उघडं ठेवून घ्यावं लागतंय. मी रोज बघते, तवा घेते. तुमी काय बघितलं? मोबाइल."

त्यांनी चपला घातल्या आणि घराकडं निघाल्या. लिंबाजवळून जाताना रबियाबीला म्हणाल्या, "चल. हितं काय उभी ऱ्हायलीस."

त्यानंतर कोंबड्या पुरायची गोष्ट कुणी काढली नाही. निकाल आला तोही दिलाशाचा होता. लोक घाबरत होते तो रोग नव्हता. सर्दीच होती. पण तीही साधी नसते. उरलेल्या कोंबड्या वाचवायच्या तर रोज हातात घेऊन करावं लागणार होतं, आणि रबियाबी खचून गेली होती. ती दारात बसून राहायची.

मी औषधं घेऊन गेले तेव्हा मावशी तिच्या दारात उभ्या होत्या. दुकानासमोरच्या त्या सकाळनंतरही दोघींचं सरळ झालेलं नव्हतं. रबियाबी म्हणाली, "आता कामून आलाव आक्का? किती मेल्या ते बघायला?"

"हाव. बघायलाच आले," मावशी म्हणाल्या, आणि आत जाऊन सगळ्यात वाईट अवस्थेतली कोंबडी उचलून घेऊन बाहेर आल्या.

जुन्या धोतराच्या फडक्यात कोंबडी गुंडाळून त्यांनी मांडीवर धरली, पंख दाबून, मान मोकळी. रबियाबी थोडा वेळ बघत बसली. मग उठून मिठाचं पाणी कोमट करून आणलं. मी दाखवलं तसं तिनं कापूस भिजवून सुजलेल्या डोळ्यावर धरला, पापणी मऊ होऊ दिली, मग हळूहळू आतला चक्क्यासारखा पिवळा पू कापसानं बाहेर काढला. नख लावायचं नाही, ओढायचं नाही, हे तिला दोनदा सांगावं लागलं नाही. वास असा की मला तोंड फिरवावं लागलं. मावशींनी फिरवलं नाही. डोळा उघडला, त्यात मलम गेलं, कोंबडीनं मान झटकली आणि ते सगळं मावशींच्या लुगड्यावर उडालं.

"माय, लुगडं," रबियाबी म्हणाली.

"धर दुसरी."

असं त्यांनी कित्येक दिवस केलं. मावशी येताना जुनं लुगडं नेसून येत आणि रबियाबीच्याच दारात ठेवलेल्या वेगळ्या चपला घालत. काम झालं की तिथंच साबणानं कोपरापर्यंत हात धुत, घरी जाऊन अंघोळ करत, लुगडं उकळत्या पाण्यात टाकत, आणि मगच आपल्या खुराड्याकडं जात. मी कौतुक केलं तर म्हणाल्या, "माझ्याच हाताचा भरवसा वाटंना झालाय." त्यांच्या कळपात रोग गेला नाही.

रबियाबीच्या थोड्याच कोंबड्या राहिल्या. मी दोघींना सांगितलं की बऱ्या झालेल्या कोंबड्यांमध्येही रोग लपून राहू शकतो, दोन्ही कळप एकत्र येऊ देऊ नका. तेव्हा मातीच्या भिंतीवर जाळी आली. ती बांधायला रबियाबीचा नवरा आणि मावशी दोघं होते. जाळीतून बोलणं आधीसारखंच चालू राहिलं. फक्त मावशी आता भाकर का करपली ते विचारून झाल्यावर तिथंच उभ्या राहत, आणि कधी कधी ती करपलेली भाकर खातही असत.

पुढं माझी बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा मावशींनी विचारलं, "बदली झाली का करून घेतली?" मी म्हणाले, झाली. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. परभणीच्या बसस्टँडवर. बाकावर त्या आणि रबियाबी बसल्या होत्या. मावशी फार वाळल्या होत्या आणि डोळ्यांवर काळा गॉगल. रबियाबीनं मला ओळखून हाक मारली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, सकाळीच पट्टी काढली होती. दोन वर्षं त्या नको नको म्हणत होत्या, रबियाबी सांगत होती. डॉक्टर डोळा बदलून घेतील म्हणायच्या. शेवटी तिनंच जीपमध्ये घालून आणलं आणि रात्री वॉर्डात पलंगापाशी जागत बसली.

बस लागली तशी रबियाबी धावत गेली, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला. मावशी आणि मी बाकावर राहिलो.

"दिसतंय का आता?" मी विचारलं.

"लय सोच्छ दिसतंय," त्या म्हणाल्या. मग बसकडं बघत, आवाज खाली आणून म्हणाल्या, "पट्टी काढली तवा आदी हिचंच तोंड म्होरं आलं. पार म्हातारी झालीय गं. केस समदे पांढरे. मला सांगत होती अजून काळे हायत म्हनून."

"मग?"

"मंग काय. मला संशय होताच."

रबियाबी परत आली, त्यांना हाताला धरून बसपर्यंत घेऊन गेली, पायरीवर मागून आधार देऊन चढवलं. गर्दीत दोघी दिसेनाशा झाल्या. बस मागं सरकून वळली तेव्हा खिडकी माझ्यासमोर आली. रात्रभर जागलेली रबियाबी एवढ्यातच मावशींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. तिच्या मांडीवरची पिशवी मावशींनी स्वतःकडं ओढून दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, आणि गॉगल कपाळावर सारून, शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातांकडं त्या टक लावून बघत होत्या.